पीतज्वराच्या प्रयोगांचं स्मारक: सन्मानयादीत स्पॅनिश स्थलांतरितांची नावं हवीत का?

दप्तरखाना (चर्चाप्रस्ताव)

पीतज्वर डासांमार्फत पसरतो हे तपासायला क्युबात 1900-01 मध्ये झालेल्या प्रयोगांसाठी अमेरिकी काँग्रेसनं फेब्रुवारी 1929 मध्ये सन्मानयादीचा कायदा केला. 22 नावं, सुवर्णपदक, महिना 125 डॉलर निवृत्तिवेतनाची तरतूद. त्यात वॉल्टर रीड, जेम्स कॅरल, जेसी लाझीअर आणि अरिस्तिदेस अग्रामोंते हे अमेरिकी लष्कराच्या पीतज्वर आयोगाचे चार डॉक्टर आहेत. किसिंजर, मोरान, फोक, जर्निगन, डॉ. कूक अशी प्रयोगाला उभी राहिलेली अमेरिकी माणसं आहेत. त्याच छावणीत (हवानाजवळची कॅम्प लाझीअर), त्याच डासांकडून चावून घेतलेल्या स्पॅनिश स्थलांतरितांपैकी मात्र एकही नाही. 1881 मध्ये हवानाच्या विज्ञान अकादमीत पीतज्वराचा वाहक म्हणून डासाचं नाव घेणारा आणि आयोगाला डासांची अंडी देणारा क्युबन डॉक्टर कार्लोस फिनलेही नाही.

माझं मत स्पष्ट आहे. यापुढे या प्रयोगांवर जे काही उभं राहील, फलक असो, प्रदर्शन असो, शाळेचा धडा असो, त्यात स्पॅनिश स्वयंसेवक अंतोनियो बेनिग्नो आणि त्याच्या सोबत्यांची नावं रीडच्या शेजारी हवीत. त्यांनी पैसे घेतले म्हणून त्यांना वगळायचं, हा युक्तिवाद टिकत नाही. पगार तर आयोगाचे डॉक्टरही घेत होते.

कृष्णाकाठ

असहमत. पैशाचा मुद्दा मीही करणार नाही. माझी अडचण कागदाची आहे. तुम्ही ज्याला बेनिग्नो म्हणता तो प्रयोगाआधी आयोगाशी केलेल्या लेखी करारात 'बेनिनो' आहे आणि रीडच्या 1901 च्या लेखात 'बेनिग्नो'. करारातलं गाव सेर्सेदा आणि प्रांत 'कोरिमा'. या नावाचा प्रांत स्पेनमध्ये नाही. सेर्सेदा गालिसियातल्या कोरुन्या प्रांतात आहे, म्हणजे लिहिणाऱ्यानं किंवा नक्कल करणाऱ्यानं चूक केली. ज्या माणसाचं आडनाव आणि प्रांत दोन्ही डळमळीत, त्याचं नाव दगडात कसं कोरणार? एकदा कोरलं की पुढची शंभर वर्षं सगळे तेच उतरवून घेतात.

आणि सन्मानयादी ही त्या देशानं आपल्या सैन्याच्या कामाची केलेली नोंद आहे. आज तिच्यात भर घालणं म्हणजे 1929 चा कागद बदलणं. ती जशी आहे तशी राहू द्या, शेजारी स्वतंत्र टिपण लावा.

सूक्ष्मदर्शी

नाव डळमळीत असलं तरी शोधण्याची वाट आहे. त्याच करारात वडील मानुएल बेनिनो आणि आई होसेफा कास्त्रो असं लिहिलंय. स्पॅनिश पद्धतीत वडिलांचं आडनाव आधी, आईचं नंतर, म्हणजे पूर्ण नाव अंतोनियो बेनिनो कास्त्रो किंवा बेनिग्नो कास्त्रो. अमेरिकी कारकून दुसरं आडनाव गाळायचे, म्हणून इंग्रजी कागदांत तो अर्धाच सापडतो. जहाजांच्या याद्या चाळताना दोन्ही आडनावं धरून शोधावं. करारात वय 25 च्या वर लिहिलंय, तेव्हा जन्म 1875 च्या आसपास किंवा आधीचा. स्पेनमध्ये नागरी जन्मनोंदणी 1871 पासून सुरू झाली. त्यामुळे पहिल्यांदा तिथल्या नागरी नोंदवह्या, न मिळालं तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. आईबापांची दोन्ही नावं जुळली तरच माणूस तोच म्हणायचं, एकच जुळलं तर थांबायचं.

आता प्रयोगाची बाजू. प्रत्येक स्वयंसेवकासाठी चार गोष्टी एका ओळीत मांडा: डासानं ज्या रुग्णाचं रक्त घेतलं त्याच्या आजाराचा दिवस, त्यानंतर डास किती दिवस जगवला, स्वयंसेवकाला चावा कधी, आणि ताप कधी चढला. रुग्णाच्या पहिल्या तीन दिवसांतलंच रक्त उपयोगी. नंतर डासाच्या अंगात साधारण 12 दिवस जावे लागतात, थंडीत जास्त. फिनलेचे बरेचसे प्रयोग इथेच फसले. त्याचे डास रुग्णाला चावल्यावर फार लवकर दुसऱ्याला चावले. या मुदतीचा सुगावा अमेरिकी डॉक्टर हेन्री कार्टरनं 1898 मध्ये मिसिसिपीतल्या खेड्यांत घरोघरीच्या तारखा मांडून लावला होता, पण त्याचं नाव स्मारकांच्या चर्चेत फार क्वचित येतं.

किसिंजरचा तक्ता या दृष्टीनं बघण्यासारखा आहे. नोव्हेंबरातले चावे वाया गेले, 5 डिसेंबरला पुन्हा पाच डास चावले आणि 8 तारखेला ताप आला. या कागदांवर तारखा महिना आधी, दिवस नंतर अशा आहेत. 12/8 म्हणजे 8 डिसेंबर. आपल्या सवयीनं वाचलं तर तो 12 ऑगस्ट होतो आणि छावणी उभी राहण्याआधीच माणूस आजारी पडतो! तापमान फॅरनहाइटमध्ये आहे, तेही लक्षात असू द्या.

दप्तरखाना

@कृष्णाकाठ, कागदाचा आग्रह मान्य, पण तो सगळ्यांना सारखा लावा. लाझीअरचंच घ्या. अधिकृत हकिकत अशी की लास अ‍ॅनिमास रुग्णालयात एक भटका डास हातावर बसला. त्याच्या वहीतली 13 सप्टेंबर 1900 ची नोंद मात्र 'गिनीपिग क्रमांक 1' ला चावल्याची आहे. 25 सप्टेंबरला तो गेला. त्याची खिशातली वही रीडकडे आली आणि 1902 मध्ये रीड वारल्यावर ती नाहीशी झाली. म्हणजे मृत्यू कसा ओढवला हेच वादात, तरी छावणीला त्याचं नाव आहे. मग बेनिग्नोलाच एवढी कडक कसोटी का?

करारातलं एक कलमही बघा. या बेटावर राहताना संसर्ग टाळणं पूर्णपणे अशक्य आहे, म्हणून तो हेतुपुरस्सर घेणं पसंत करतो, अशी कबुली सही करणाऱ्याकडून घेतली आहे. करार नोव्हेंबर 1900 चे. त्याआधी, 23 ऑक्टोबरला, रीडनं इंडियानापोलिसच्या परिषदेत डास हाच मधला वाहक असल्याचं वाचून दाखवलं होतं. डास वाहक असेल तर मच्छरदाणी लावून संसर्ग टळतो. आयोगाला जे कळलं होतं ते करारात सांगितलं नाही. 100 डॉलर सोन्यात, पीतज्वर झालाच तर आणखी 100, आणि छावणी मध्येच सोडली तर रकमेवर पाणी. अमेरिकी शिपायाचा मूळ पगार तेव्हा महिना 13 डॉलर होता. नुकत्याच बोटीतून उतरलेल्या माणसासाठी ही रक्कम किती मोठी असेल ते बघा.

कृष्णाकाठ

इथे तुम्ही आजचं ज्ञान मागे नेताय. ऑक्टोबरमध्ये आयोगाच्या हातात भक्कम म्हणावा असा एकच रुग्ण होता, शिपाई डीन. कॅरल डासाकडून चावून घेण्याच्या आसपासच्या दिवसांत पीतज्वराच्या वॉर्डांत आणि शवविच्छेदनाच्या खोलीत वावरला होता, म्हणून त्याचा आजार पुरावा ठरेना. लाझीअरचंही तसंच. म्हणून तर 20 नोव्हेंबरला वेगळी छावणी उघडली, दिवसातून तीनदा नाडी-ताप लिहायचा नियम केला, बाहेर गेलेल्याला परत घ्यायचं नाही असं ठरवलं. आणि हवानात अमेरिकी लष्करी डॉक्टर गॉर्गसची डासविरोधी मोहीम 1901 च्या फेब्रुवारीत सुरू झाली. नोव्हेंबरात नवख्या स्पॅनिश माणसाला धोका खरोखर होता.

तीनच वर्षं मागे जा. 1897 मध्ये मोंतेविदेओत इटालियन जंतुशास्त्रज्ञ सानारेल्लीनं रुग्णांना न विचारता, पीतज्वराचा म्हणून आपण शोधलेल्या जंतूचं इंजेक्शन दिलं होतं, ज्याचा नामवंत डॉक्टर ऑस्लरनं जाहीर निषेध केला. त्या पार्श्वभूमीवर दोन भाषांतला लेखी करार, वयाची अट, सहीचं स्वातंत्र्य हे मोठं पाऊल होतं. छावणीतला एकही स्वयंसेवक दगावला नाही, हेही सांगायला हवं.

अनवट

छावणीत कुणी दगावलं नाही, बरोबर. पण ऑगस्ट 1901 मध्ये, रीडचा निष्कर्ष जगजाहीर झाल्यावर, हवानाच्या डॉ. गितेरासनं लास अ‍ॅनिमासमध्ये रोगप्रतिबंधासाठी मुद्दाम डास चाववले आणि तीन माणसं गेली. क्लारा मास ही 25 वर्षांची अमेरिकी परिचारिका 24 ऑगस्टला वारली. तिच्यावर क्युबानं 1951 मध्ये आणि अमेरिकेनं 1976 मध्ये टपाल तिकीट काढलं, नेवार्कच्या रुग्णालयाला तिचं नाव मिळालं. तिच्याबरोबर गेलेले दोन स्पॅनिश पुरुष कुठल्या तिकिटावर आहेत? तिघांचा शेवट एकच, स्मरण मात्र एकतर्फी. इथे कागद डळमळीत आहेत हे कारण मला पुरत नाही. त्यांच्यासाठी कुणी खटपटच केली नाही.

आणि हा प्रश्न क्युबापुरता ठेवू नका. 30 जून 1927 ला गोल्ड कोस्टमध्ये, आजच्या घानात, असिबी नावाच्या 28 वर्षांच्या माणसाचं रक्त घेऊन एका भारतीय र्‍हीसस माकडाला टोचलं. त्यातून मिळालेला विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या ऊतींत पुन्हा पुन्हा वाढवत पीतज्वराची 17डी लस झाली आणि ती तयार करणाऱ्या थायलरला 1951 चं नोबेल मिळालं. आज मुंबईहून केनियाला किंवा टांझानियाला जाणारा माणूस लस टोचून पिवळं प्रमाणपत्र घेतो, तेव्हा दंडात जातो तो असिबीच्या रक्तातून आलेल्या विषाणूचाच वंशज. असिबी बरा झाला. विषाणूच्या वाणाला त्याचं नाव आहे, पण वाणाचं नाव प्रयोगशाळेच्या बाटलीवर लिहितात. त्याला मी स्मारक म्हणणार नाही.

आपल्याकडेही तेच. हाफकिननं जानेवारी 1897 मध्ये प्लेगची लस आधी स्वतःला आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली. परळच्या संस्थेला त्याचं नाव आहे. कैदी फक्त आकड्यांत उरले.

माझं एक जास्तीचं मागणं: स्मारकात नुकसानही लिहा. 1942 मध्ये पीतज्वराची लस टिकाऊ व्हावी म्हणून तिच्यात मानवी रक्तरस (सीरम) घालत. त्यातून सुमारे 50,000 अमेरिकी सैनिकांना कावीळ झाली.

सूक्ष्मदर्शी

साधनांबद्दल एक इशारा. पुढे नोबेल मिळालेल्या फिलिप हेंचनं 1937 पासून हयात स्वयंसेवकांना गाठून, पत्रं आणि तापाचे तक्ते जमवून हे दप्तर वाचवलं. छावणीतल्या इमारत क्रमांक 1 ची जागा त्यानंच पक्की केली आणि 1952 मध्ये क्युबानं तिथे स्मारक केलं. हे सगळं दप्तर व्हर्जिनिया विद्यापीठात आहे, बराचसा भाग ऑनलाइन बघता येतो. पण मोरान-किसिंजरच्या आठवणी घटनेनंतर 35 ते 40 वर्षांनी सांगितलेल्या आहेत. मधल्या काळात 1934 मध्ये ब्रॉडवेवर याच प्रयोगांवरचं नाटक आणि 1938 मध्ये चित्रपट येऊन गेला. त्यामुळे संवादाच्या स्वरूपात असलेलं काहीही फलकावर घेऊ नका. 1900-01 ची पत्रं आणि तक्ते आधी, आठवणी त्यांना जुळल्या तरच. शिवाय त्या आठवणी सगळ्या अमेरिकनांच्या. स्पॅनिश स्वयंसेवकांना शोधत कुणी गालिसियात गेलं असतं, तर आज हा धागाच निघाला नसता.

कृष्णाकाठ

@अनवट, लास अ‍ॅनिमासच्या त्या दोघांबद्दल पटलं. तिथे मृत्यूची नोंद आहे, तेव्हा नाव लावायला हरकत नाही. छावणीतल्या लोकांबद्दल माझी अट कायम: नाव करारात जसं आहे तसंच, 'बेनिनो', आणि खाली 'करारानुसार' असा शब्द.

दप्तरखाना

'करारानुसार' चालेल. पण 'बेनिनो' हे परक्या कारकुनाच्या कानाला ऐकू आलेलं नाव आहे. गालिसियातली जन्मनोंद मिळाली तर फलक बदलायची सोय हवी, म्हणून कोरीव दगडाऐवजी स्क्रूनं बसवलेली पट्टी लावा, असं मी म्हणेन. नोंद मिळेपर्यंत दोन्ही रूपं शेजारी शेजारी, आणि आईचं आडनाव कास्त्रो अजिबात गाळायचं नाही.