ठाणे ते लेह, सप्टेंबरअखेर, घरच्या गाडीने: तयारीत काय राहिलंय?

ओवळा_नाका

नमस्कार मंडळी. अनंत चतुर्दशी झाली की घोडबंदर रोडवरून निघायचं, श्रीनगर-कारगिलमार्गे लेह आणि मनालीमार्गे परत, असा बेत आहे. हातात १६ दिवस. गाडी २०२१ची बीएस-६ डिझेल, १.५ लिटर, मॅन्युअल, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, टाकी ४५ लिटर, ६२,००० किमी झालेत. माणसं चार: मी, बायको, धाकटा भाऊ (तोही चालवतो) आणि आई, वय ६४, बीपीची गोळी चालू.

आतापर्यंत घेतलेलं: २० लिटरचे दोन प्लास्टिक कॅन, टपावरचा कॅरियर, ऑक्सिजनचे सहा डबे, फॉग लॅम्प. बर्फाच्या साखळ्या घ्यायच्या आहेत.

विचारायचं हे:
१. नेहमीच्या सर्व्हिसिंगशिवाय गाडीचं काय काय बघून घ्यावं?
२. डिझेल गोठू नये म्हणून त्यात थोडं रॉकेल घालतात म्हणे. खरं का?
३. नुब्रा, पँगाँग, हानले, उमलिंग ला (ला म्हणजे खिंड) आणि झांस्कर, सगळं बसेल का?
४. आरसी सासऱ्यांच्या नावावर आहे. अडचण येईल का?

वागळे_स्पॅनर

प्लास्टिकचे कॅन आणि रॉकेलचा विचार, दोन्ही घरीच ठेवा.

मनालीच्या बाजूला तांडीच्या पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किमी' ही पाटी बघून लोक घाबरतात आणि कॅन घेतात. तुम्ही उलटे, लेहकडून येणार. लेहजवळच्या कारूला टाकी फुल्ल केली की तांडीपर्यंत सव्वातीनशे किमीच्या आसपास. चढ, खालचे गिअर आणि विरळ हवा धरून लिटरला १२ किमी पकडा, तरी २७-२८ लिटरमध्ये काम होतं. लेह सोडून कुठेही जाताना टाकी फुल्ल आणि नुब्रातल्या डिस्कितला पंप दिसला की पुन्हा फुल्ल, एवढं पाळलंत तरी पुरे. कॅन लागतो तो हानलेच्या पलीकडे, आणि तोही पत्र्याचा, वर दहा टक्के जागा सोडून भरलेला. वर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, कॅन फुगतो, झाकणातून डिझेल पाझरतं आणि मग उरलेला प्रवास सगळ्या कपड्यांना तोच वास.

रॉकेलचं म्हणाल, तर हा जुन्या ट्रकवाल्यांचा उपाय. बीएस-६च्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, आणि रॉकेलमधलं गंधक डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) वाट लावतं. तसंही ठाण्यात भरलेलं डिझेल राजस्थानातच संपेल. लेहला टाकीत असेल ते तिकडचं. खरी अडचण फिल्टरमध्ये साचलेल्या पाण्याची होते, रात्री तेच गोठतं. म्हणून डिझेल फिल्टर निघण्याआधी नवा टाका, ६२,००० ला तसाही त्याचा नंबर आलाच असेल. पहाटे गाडी सुरू झाली नाही तर ग्लो प्लगचा दिवा दोनदा पूर्ण विझू द्या, मग स्टार्टर. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि मध्ये मिनिटभर थांबा.

आता कूलंट. ठाण्यात दर दुसऱ्या गाडीत अर्धं नळाचं पाणी असतं, इथे चालून जातं. ग्लायकोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे ३५ च्या आसपासपर्यंत तग धरतं. गॅरेजमध्ये रिफ्रॅक्टोमीटर असतो, एक थेंब टाकून कळतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कूलंटच्या टाकीचं झाकण. तांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे, तिथे उघड्यावर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन चालतं नव्वदच्या वर. कूलंट उकळत नाही ते केवळ झाकणाने धरलेल्या दाबामुळे. झाकणाच्या आतली रबरी रिंग बोटाने दाबून बघा. कडक झाली असेल किंवा चीर दिसली तर झाकण बदला. इथे कधीच त्रास न देणारी गाडी घाटमाथ्यावर वाफ का सोडते, त्याचं कारण बहुतेक वेळा ही शे-दोनशे रुपयांची वस्तू.

ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलाच. ते हवेतली आर्द्रता शोषतं, आणि आपल्या खाडीकाठी आर्द्रतेला तोटा नाही. डॉट-४ प्रतीचं ऑइल नवं असताना उकळबिंदू किमान २३० अंश, पाणी मुरलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. मनालीच्या वाटेवरच्या गाटा लूप्सची २१ वळणं सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर पॅड तापतात, ऑइलमध्ये वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. उपाय एकच: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सवय नसेल तर एक रविवार माळशेज घाटात सेकंड गिअरवर खाली या. भावालाही चालवू द्या.

डीपीएफबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. तासाला १५-२० च्या वेगाने दिवसभर चढलं की काजळी साचते आणि गाडीला ती जाळून टाकायची संधी मिळत नाही. डीपीएफचा दिवा लागला तर घाबरून इंजिन बंद करू नका. मोरे मैदानाचा सरळ पट्टा आला की वरच्या गिअरमध्ये न घालता आरपीएम दोन हजारांच्या वर ठेवून १५-२० मिनिटं सलग चालवा. रोज सकाळी डिपस्टिक बघा. ऑइल 'मॅक्स'च्या वर चढलेलं दिसलं आणि पुसलेल्या फडक्याला डिझेलचा वास आला, तर अर्धवट राहिलेल्या सफाईचं डिझेल ऑइलमध्ये उतरतंय. लेहला ऑइल बदलून घ्या, तसंच पुढे जाऊ नका.

बॅटरी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर लोड टेस्ट करा. काच धुण्याच्या टाकीत आपलं नळाचं पाणी असेल तर ते रात्री गोठून पंप फुटतो, तेव्हा निघण्याआधी काढून गोठरोधक घातलेलं वॉशर लिक्विड भरा. फॉग लॅम्प राहू देत. कॅरियर नको.

सानपाडा_मैल

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही बसत.

कागदावर मांडा. ठाणे ते श्रीनगर दोन हजार किमीच्या वर, दोन चालक असले तरी चार दिवस. पाचवा कारगिल, सहावा लेह. सातवा-आठवा लेहमध्येच. नववा नुब्रा, दहावा श्योकच्या रस्त्याने पँगाँग, अकरावा चांग लावरून लेह. बारावा जिस्पा, तेरावा चंदीगडच्या दिशेने जमेल तिथवर, पुढचे तीन दिवस घर. सोळा संपले, आणि यात राखीव दिवस एकही नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात जम्मू-श्रीनगर महामार्गावर सफरचंदांचे ट्रक असतात, एक दरड कोसळली की रांगा लागतात. म्हणजे हानले, उमलिंग ला तर सोडाच, पँगाँगही 'जमलं तर' या खात्यात टाका. झांस्करला स्वतंत्र आठवडा हवा.

आत जाताना श्रीनगर आणि बाहेर पडताना मनाली, हा क्रम मात्र अगदी बरोबर आहे, कुणी उलटं सुचवलं तर ऐकू नका. श्रीनगर सुमारे १,६००, कारगिल २,७००, लेह ३,५०० मीटर, अशा पायऱ्या मिळतात. मनालीकडून गेलात तर जिस्पा ३,२०० आणि दुसऱ्या रात्री सरचू ४,२९०. एका दिवसात हजार मीटरची उडी.

निघायचं तर ओवळ्याहून पहाटे चारच्या आत. गायमुखचा चढ ट्रकच्या रांगेत सापडला तर पहिल्याच दिवशी दोन तास हातचे जातात.

खारघर_टेकडी

आईंचं थोडं सविस्तर लिहिते, कारण यादीत सगळं गाडीचं आहे.

ते सहा डबे परत करता आले तर करा. एका डब्यात जेमतेम काही लिटर वायू असतो, सलग ओढला तर काही मिनिटांत संपतो. तात्पुरतं बरं वाटतं आणि माणूस खाली उतरायचं टाळतो, हा त्याचा तोटा. त्यापेक्षा बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर घ्या. मात्र गार बोटावर आणि नेलपॉलिशवर तो चुकीचा आकडा दाखवतो, हात चोळून गरम करा, मगच वाचा. लेहला पहिल्या दिवशी ८५-९० दिसलं तर लगेच धसका घेऊ नका. आकडा दिवसागणिक घसरतोय का आणि माणूस कसं दिसतंय, हे पाहायचं.

निघण्याच्या दोन आठवडे आधी आईंच्या डॉक्टरांना भेटा. अॅसिटाझोलामाइड (डायमॉक्स) साधारणपणे १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. पण सल्फाची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगायला हवं, आणि बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर दोन्ही एकत्र चालतील का हेही त्यांनीच ठरवायचं. गोळीने बोटांना मुंग्या येतात, तेवढ्यावरून बंद करू नका.

तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नेहमीचा ठोकताळा. कारगिल ते लेह तो मोडतोच, म्हणून लेहचे दोन दिवस कापायचे नाहीत. पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्याही नकोत. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं: तिथेच थांबा, वर जाऊ नका. सरळ रेषेत चालता न येणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप, फेसाळ खोकला: रात्रीचे दोन वाजले असले तरी खाली. लेहमध्ये असाल तर सोनम नोर्बू हॉस्पिटल.

खारदुंग लावर फोटोपुरते दहा-पंधरा मिनिटं. नुब्रा लेहपेक्षा खाली आहे, तिथली रात्र आईंना सोपी जाईल. पँगाँग सव्वाचार हजारांवर आहे. नुब्रात त्यांना बरं वाटलं तरच पुढे, नाहीतर आल्या वाटेने लेह.

ओवळा_नाका

कॅन आणि डबे परत करतोय. :) अजून दोन शंका. वर गेल्यावर टायरची हवा कमी करतात ना? आणि नाले ओलांडायला पहाटे लवकर निघायचं, हे बरोबर?

वागळे_स्पॅनर

हवा कमी करू नका. गणित सांगतो. इथे ३० अंशांत ३३ भरली. बारालाचाला बाहेरचा दाब ८ पीएसआयच्या आसपास, म्हणून गेजवर आकडा वाढायला हवा. पण थंडीने आतली हवा आकसते. शून्य अंशांत गेज ३५ दाखवेल, दुपारी २५ अंशांत ३९. टायरला याने काही होत नाही. वर चार पीएसआय सोडलेत तर मनालीला उतरेपर्यंत तीच चाकं बसलेली असतील आणि खड्ड्यात साइडवॉल कापली जाईल.

साइडवॉलची चीर पंक्चर किटच्या दोरीने बुजत नाही. त्यासाठी रिमच्या मापाची एक ट्यूब ठेवा, ती घालून जवळच्या गावापर्यंत जाता येतं. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का ते आजच बघा, अरुंद असेल तर तशाच मापाचं पाचवं चाक मिळवा. टायरवर चार आकडी कोड असतो, २३२१ म्हणजे २०२१चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या पुढचे टायर या रस्त्यावर नेऊ नयेत. जॅकखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद, १८ मिमी प्लायचा तुकडा घ्या, भुसभुशीत मातीत जॅक थेट रुततो.

कोलशेत_ते_केलाँग

पहाटे निघण्याचा नियम जुलै-ऑगस्टचा. तेव्हा उन्हाने बर्फ वितळून दुपारी नाले फुगतात. तुमच्या वेळेस पाणी उतरलेलं असतं, त्याऐवजी रात्री रस्त्यावर पसरलेला ओघळ गोठून काचेसारखा होतो, वळणाच्या सावलीत तर दिसतही नाही. म्हणून लेह पहाटे पाचला सोडायला हरकत नाही, पण तांगलांग लाच्या वरच्या वळणांवर ऊन पडल्यावरच पोचा. पुढे लाचुंग ला, नकी ला आणि बारालाचा दुपारी चारच्या आत. उशीर होतोय असं वाटेतल्या पांग इथेच कळलं तर तिथे थांबू नका, उंची ४,६०० आहे. सरचूचे तंबू सप्टेंबरच्या मध्यानंतर आवरायला लागतात, तेव्हा त्यावर भरवसा ठेवू नका, लेहलाच चौकशी करा. सानपाडा_मैल यांनी जिस्पा एका दिवसात लिहिलंय ते जमतं, मात्र ३०० किमीच्या वर आहे आणि दर दोन तासांनी चालक बदलायला हवा.

नाला आलाच तर काचा खाली, एसी बंद, पहिला गिअर, एकसारखा अॅक्सिलरेटर, मध्ये क्लच नाही. पुढची गाडी पूर्ण पलीकडे जाईस्तोवर उतरू नका. पाणी चाकाच्या मध्याच्या वर असेल तर थांबा. आत बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. दोरी बांधून ओढून बाहेर काढा.

साखळ्या घेतल्यात तर पुढच्या चाकांच्या मापाच्या घ्या आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा चढवून बघा. हातमोज्यांनी ते कुलूप लागत नाही हे तेव्हाच कळतं. बर्फ पडत असेल तर जिथे आहात तिथे थांबा.

आरसीचं: सासऱ्यांचं सही केलेलं पत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि नातं दाखवणारा एक कागद (विवाह नोंदणीचा चालतो). लेहमध्ये बाहेरून आणलेल्या भाड्याच्या गाड्यांना स्थानिक टॅक्सीवाल्यांचा विरोध आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या नावावरची पांढरी पाटी दिसली तर विचारणा होऊ शकते. विमा आणि पीयूसीच्या छापील प्रती जवळ ठेवा, कारण रेंज नसली की मोबाइलमधले कागद उघडत नाहीत. नुब्रा-पँगाँगची ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क लेहला पोचल्यावर करा, छापलेल्या चार-पाच प्रती घ्या, चौक्यांवर एकेक ठेवून घेतात. आणि चौघांपैकी निदान दोघांची सिम पोस्टपेड करून घ्या, बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीर-लडाखमध्ये चालत नाही. एक जिओ आणि एक बीएसएनएल असेल तर उत्तम.