अमेरिकेतला वकील-महापौर कोण सुचवाल?

विश्रामबागकर:
सांगलीत लॉ करतोय, कॉलेजात वकिलीतून राजकारणात गेलेल्यांवर बोलायचंय, लिंकन तर सगळेच घेणार, मला असा पाहिजे जो शहराचा महापौर झाला आणि खरंच काम केलं. सुचवा की.

मिरजवाला:
ग्रोव्हर क्लीव्हलंड घे भावा. वडील पाद्री, हा १६ वर्षांचा असताना गेले, कॉलेज झालंच नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात वकिलांच्या ऑफिसात कारकुनी करत कायदा शिकला, १८५९ ला सनद मिळवली. १८८२ ला तिथलाच महापौर. आणि खरी गोष्ट इथं आहे बघ, रस्ते झाडायचं कंत्राट नगरसेवकांनी ४,२२,००० डॉलरला मंजूर केलं, त्याच कामाचं दुसरं टेंडर १ लाखाहून जास्त स्वस्त असताना! यानं सरळ व्हेटो (नकाराधिकार) वापरून ठराव रोखला, कारणं कडक शब्दांत लिहून दिली, शेवटी काम स्वस्तवाल्यालाच गेलं. त्याच वर्षी गव्हर्नर म्हणून निवडून आला, १८८५ ला राष्ट्राध्यक्ष.

कृष्णाकाठची:
माणूस चांगलाच, पण यादवी युद्धात सक्तीची भरती आली तेव्हा १५० डॉलर देऊन स्वतःच्या जागी दुसऱ्याला पाठवलं होतं, ते लपवू नकोस.

मिरजवाला:
बरोबर ताई, तेव्हा ते कायदेशीर होतं, पण सांगायलाच पाहिजे.

विश्रामबागकर:
दोन्ही घेतो. आपल्याकडं महापौराला असा व्हेटो नाही, कारभार आयुक्तांच्या हातात, हा फरक पण मांडतो. लई आभार दोघांचे.