मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर स्मरणशक्तीसाठी ॲक्युपंक्चरचा कोणाला अनुभव?

सई_नाशिक
बाबांना स्ट्रोक झाला. हातात आता बरीच ताकद आलीय, पण डोकं चालत नाही. काही म्हणजे काही आठवत नाही. काल चष्म्याला "किल्ली, किल्ली" म्हणत होते. आईने किल्ल्यांचा जुडगा आणून दिला तर चिडून ताट सरकवलं. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. एकांनी ॲक्युपंक्चर सुचवलंय. उपयोग होतो का? नाशिकात चांगलं कोण करतं? प्लीज लवकर सांगा.

गोदातीर
स्ट्रोक कधी झाला? कुठला हात? औषधं कोणती? काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

मनोहरकाका
माझ्या मेहुण्याला डोक्यात सुया लावून बारीक करंट द्यायचे. महिनाभरात पेपर वाचायला लागला. डोळे झाकून जा. जोडीला ब्राह्मी घृत सुरू करा.

पूर्वा_न
काका, डोळे झाकून कशाला? सुरुवातीच्या महिन्यांत मेंदू आपणहूनही बराच सावरतो, मग श्रेय सुईला कसं द्यायचं? कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासते, त्यांच्या २०१६ च्या आढाव्यात ३१ चाचण्या होत्या, बहुतेक चीनमधल्या. आकलनात फरक दिसला, पण चाचण्या लहान आणि कच्च्या, त्यामुळे ठाम काही म्हणता आलं नाही.

मनोहरकाका
आढावे तुम्ही वाचा. मी माणूस बरा झालेला पाहिलाय.

सोलापूरकर
आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे कोलकात्यात ॲक्युपंक्चर सुरू केलं. अभिमान वाटतो.

गोदातीर
त्यासाठी वेगळा धागा काढा हो. सई, माझ्या प्रश्नांचं काय?

सई_नाशिक
उजवा हात. दिवाळीनंतर झाला. ठोके अनियमित म्हणून ॲसिट्रॉम चालू आहे. पण मी ॲक्युपंक्चरचं विचारतेय!

वाचा_उपचार
मी स्पीच थेरपिस्ट आहे. उजवा हात गेला म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, आणि बहुतेकांची भाषा तिथेच असते. चष्मा हातात दिला की नीट डोळ्यांवर लावतात का? लावत असतील तर ते चष्मा विसरलेले नाहीत, त्यांना शब्द सापडत नाहीये. हा वाचाघात असू शकतो. स्पीच थेरपी चालू आहे का? तोवर हो-नाही उत्तराचे प्रश्न विचारा, वस्तू समोर धरा, उत्तराला वेळ द्या. सारखं "हे काय, ते काय" विचारून परीक्षा घेऊ नका. उदास राहतात का, झोप कशी आहे, हेही डॉक्टरांना सांगा.

पूर्वा_न
ॲसिट्रॉम! रक्त पातळ करणारं औषध आहे ते. सुया लावण्याआधी न्यूरोलॉजिस्टना विचारा आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) बघा. पेसमेकर असेल तर करंटच्या सुया नकोत. सुया नव्या, एकदाच वापरायच्या. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चर कौन्सिल आहे, नोंदणी तपासा. आणि ब्राह्मी घृत परस्पर नको.

मनोहरकाका
तुपाने काय होतंय!

सातपूरवाला
यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढून ठेवा. सिव्हिलला सकाळी लवकर जा.

सई_नाशिक
@वाचा_उपचार, चष्मा बरोबर लावतात. टीव्हीवर मॅच लागली की स्कोअर बोटांनी दाखवतात. स्पीच थेरपीचं आम्हाला कोणी बोललंच नव्हतं. सुयांचं न्यूरोलॉजिस्टना विचारते, आयएनआरला उद्याच रक्त देतो. नाशिकात घरी येऊन मराठीतून स्पीच थेरपी देणारं कोणी आहे का? व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल.