२६ फुटी बोटीला दुसरं स्टिअरिंग : गरज की दुतोंड्या मारुतीचा हट्ट?

कॉलेजरोड

आम्ही तिघे नाशिककर, बोट एक. फायबरची, मागे ११५ हॉर्सपॉवरचं एकच आउटबोर्ड (बोटीच्या बाहेर टांगलेलं इंजिन). ती असते रेवदंड्याच्या खाडीत, आम्ही असतो गोदाकाठी, दोन तोंडांच्या दुतोंड्या मारुतीच्या गावात. त्यामुळे बोटीवर जेवढा वेळ जातो त्याहून जास्त बोटीवरून भांडण्यात जातो. ताजं भांडण इथे मांडतो, कारण घरी ऐकून घ्यायला आता कुणी तयार नाही.

स्टिअरिंग केबिनच्या आत आहे, उजव्या बाजूला. जानेवारीत मुरूडहून परत येत होतो. दुपार कललेली, डावीकडून येणारं ऊन काचेवर वाळलेल्या मिठावर असं पसरलं की समोर नुसता पांढरा पडदा. जाळ्याचा थर्माकोलचा बोया दिसला तेव्हा तो बाजूने मागे निघून गेला होता. दोर इंजिनाच्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) गेला, इंजिन बंद. अर्धा तास सुरीने दोर कापत बसलो, वर जाळेवाल्याला नुकसान भरून दिलं (ते द्यायलाच हवं होतं, तक्रार नाही).

त्या दिवसापासून माझं म्हणणं एकच : केबिनच्या छतावर दुसरं चाक बसवायचं. वरून पाणी दिसतं. थंडी-पाऊस असेल तेव्हा खाली, एरवी वर. डोळे पाण्यापासून दीड मीटरवर असतील तर क्षितिज साधारण ४.४ किलोमीटरवर असतं, तीन मीटरवर नेले तर ६.२. हा फरक कमी आहे का? आमच्यातल्या एकाचं मत आहे की मला बोट चालवायची नसून मिरवायची आहे. तुम्ही सांगा.

अंबडचा फिटर

तो 'आमच्यातला एक' मीच. मिरवायचं आहे हे मी म्हणालो आणि अजून म्हणतो.

दुसरं चाक म्हणजे फक्त चाक नव्हे. आपलं सध्याचं स्टिअरिंग केबलचं आहे. दोन ठिकाणांहून चालवायचं तर केबलमध्येही जमतं, पण मग दोन्ही चाकं एकमेकांना ओढतात आणि आधीच जड असलेलं आणखी जड होतं. म्हणजे हायड्रॉलिक आलं. इंजिनवर सिलिंडर, दोन हेल्म पंप (चाकामागचे, तेल ढकलणारे), दोघांमध्ये तीन लाइन : दोन दाबाच्या, तिसरी तेल समतोल ठेवायला. तेल वरच्या पंपातून भरायचं आणि खालच्याला भोक नसलेलं बूच लावायचं, नाहीतर वरचं तेल खालून केबिनच्या गालिच्यावर. मग वर दुसरा गिअर-थ्रॉटल लिव्हर, त्याच्या केबल, टॅकोमीटर, भोंगा, होकायंत्र आणि माणूस पडला तर इंजिन बंद करणारी कमरेची दोरी, तीही दोन्ही जागी. चाक स्वस्त, चाकाचा संसार महाग.

आणि वजन. वर आपण तिघे बसलो की २०० किलोच्या वर, पाण्यापासून अडीच मीटर उंचीवर. बोट सगळी मिळून दोन टनांच्या आसपास. बाजूने लाट आली की वरचा माणूस लोलकाच्या टोकाला.

क्षितिजाचं गणित बरोबर आहे, पण बोया सहा किलोमीटरवरून थोडाच दिसतो? तो दिसतो शंभर मीटरवर, दिसला तर. इथे क्षितिज कशाला आणतोस.

निफाडकर

बोटीतलं मला काही कळत नाही, द्राक्षातलं विचारा. पण आमच्या ट्रॅक्टरला पॉवर स्टिअरिंग आहे, त्यात ऑर्बिट्रॉल नावाचा ठोकळा असतो, दोन पाइप जातात, दोन येतात. तसाच एक जुना बसवून टाका की, भंगारात मिळेल. बोटीचा वेगळा महाग कशाला?

आणि काचेला वायपर नाही का? फवारणीच्या वेळी आमच्या केबिनच्या काचेवर औषध वाळतं, तेव्हा आम्ही दुसरा ट्रॅक्टर घेत नाही.

अंबडचा फिटर

@निफाडकर दादा, ऑर्बिट्रॉलला इंजिनवरच्या पंपाचा दाब लागतो. आउटबोर्डवर तसा पंप नसतो. बोटीतला हेल्म हाच पंप असतो, चाक फिरवलं की हातानेच तेल ढकललं जातं. त्याच्या आत चेक व्हॉल्व्ह (तेल उलटं येऊ न देणारे) असतात, म्हणून वरचं चाक फिरवताना खालचं फिरत नाही आणि लाटेने इंजिन ढकललं तरी धक्का हातापर्यंत येत नाही. भंगारचा ठोकळा खाऱ्या पाण्यात एक सीझनही टिकायचा नाही.

वायपरचं मात्र लाख बोललात. कॉलेजरोड, वाचतोयस ना?

जेलरोड

मी दुसऱ्या स्टिअरिंगच्या बाजूने, पण छताच्या विरुद्ध. तिसरी जागा कुणी बघतच नाहीये : मागचा उघडा डेक.

माझं कारण सरळ आहे, मला बोट लागते. बंद केबिनमध्ये डोळ्यांना फर्निचर स्थिर दिसतं आणि कानातला तोल सांगतो की सगळं हलतंय, त्या भांडणात पोट हरतं. बाहेर उभं राहून क्षितिजावर नजर ठेवली, हातात चाक असलं की माझा त्रास निम्म्यावर येतो. चाक आत असल्यामुळे मी चार वर्षं नुसता प्रवासी आहे.

दुसरं, धक्क्याला लागताना. आत बसून मागची बाजू किती लांब आहे ते कळत नाही, मागून कुणीतरी ओरडतो 'अजून एक हात!', आणि प्रत्येकाचा हात वेगळ्या लांबीचा. मागच्या डेकवर उभा असलात तर दोर टाकता टाकता बोट लावता येते. एकट्याने बोट आणणाऱ्याला विचारा.

तिसरं, ऐकू येणं. समुद्रातल्या टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम म्हणतो, सतत डोळ्यांनी आणि कानांनीही लक्ष ठेवा. दारं-खिडक्या लावून, एसी नसला तरी पंखा लावून, कुठला भोंगा ऐकू येणार?

शिडवाला

तुम्हा इंजिनवाल्यांचं मला हसू येतं. अभिलाष टॉमी २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दुसरे आले. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. त्या शर्यतीत ३२ ते ३६ फुटी बोटी असतात, विजेवरचा ऑटोपायलट चालत नाही, सुकाणू बहुतांश वेळ वाऱ्यावर चालणाऱ्या यंत्राच्या हवाली. म्हणजे जगाला वळसा घालताना माणूस चाकावर बसलेलाच नसतो. आणि तुम्हाला मुरूडला जायला दोन चाकं!

एक साधा ऑटोपायलट घ्या, त्याचा रिमोट गळ्यात अडकवा, बोटीवर कुठेही उभे राहा. हेच तुमचं दुसरं, तिसरं, चौथं स्टिअरिंग.

जेलरोड

जगप्रदक्षिणेत वाटेत धक्का येत नाही हो. रिमोटने दहा-दहा अंश वळता येतं, पण धक्क्याजवळ कामाला येतो तो गिअर आणि थ्रॉटल. आउटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं, पंखा फिरेल तरच बोट वळेल. न्यूट्रलमध्ये चाक कितीही फिरवा, उपयोग नाही.

अंबडचा फिटर

बघा, आता माझंच म्हणणं तुमच्या तोंडून आलं. 'नुसतं एक चाक मागे लावून टाकू' असं आमचा तिसरा भागीदार म्हणत होता. लिव्हरशिवाय ते चाक म्हणजे जत्रेतल्या मोटारीचं चाक, पोरगं फिरवतं आणि मोटार आपली गोल फिरत राहते.

मागच्या डेकला माझा विरोध छताएवढा नाही, हे कबूल करतो. वजन खाली राहतं, होज (तेलाच्या नळ्या) आखूड लागतात.

कॉलेजरोड

कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो : सुरक्षितता. एक स्टिअरिंग समुद्रात मेलं तर दुसरं आहे. याची किंमत कशी करणार?

अंबडचा फिटर

दोन नळ, टाकी एक. होज फुटला की तेल जाणार, हवा शिरणार, दोन्ही चाकं सारखीच सैल. सिलिंडर गेला तरी तेच. फक्त एक हेल्म पंप बिघडला, आणि तोही तेल न गळता, तर दुसरा वाचवेल. तेवढ्यासाठी हा खर्च? त्यापेक्षा तेलाची बाटली, थोडा जादा होज आणि एक छोटं वेगळं इंजिन ठेव. मी तुला अंबडला होज क्रिंप करून (टोकं दाबून बसवून) देतो, फुकट. लेखी देऊ का?

माहेर रेवदंडा

सासर नाशिकरोड, पण माहेरी वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल (बोटीचे प्रमुख) होते, म्हणून चार शब्द.

बोया चुकवायचा तर चाक कुठे आहे याने फार फरक पडत नाही. आमच्याकडे जाळ्यांच्या पट्ट्यात शिरलं की एक पोरगा नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभा. तो बोलत नाही, हात दाखवतो. उजवा हात, डावा हात, दोन्ही वर म्हणजे थांब. तुम्ही तिघे होतात. दोघे काय करत होते? मला वाटतं मागे बसून कांदाभजी खात असणार.

उंचीचा फायदा मात्र खोटा नाही, फिटरभाऊ. लांबचं दिसण्यासाठी नाही, पाण्याकडे वरून बघितलं की चकाकी कमी होते आणि दोर पाण्याखाली कुठे जातो तेही कळतं. म्हणून ट्रॉलरवर केबिनच्या टपावर कुणीतरी चढलेला दिसतो. पण तो चढतो, बघतो, उतरतो. तिथे संसार थाटत नाही.

आणि डोलीच्या खुंटांजवळ (डोल जाळी बांधायला रोवलेले खांब) ओहोटीला जाऊ नका, चाकं दोन असोत की दहा.

शिडवाला

नाळेवरच्या पोराला माझं मत. वीज लागत नाही, तेल गळत नाही.

निफाडकर

पगार लागतो.

कॉलेजरोड

शनिवारी जाऊन आलो. वाद तोंडी मिटेना म्हणून प्रयोग केला. खाडीत नांगर टाकला, केबिनच्या छतावर प्लास्टिकचं स्टूल दोरीने बांधलं आणि मी वर बसलो. फिटर खाली चाकावर. दोघांनी एकाच वेळी समोरचे बोये मोजायचे.

मी अकरा मोजले, त्याने सात. मग मी त्याला काच गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा मोजायला सांगितलं, तर दहा. हा आकडा मी लपवणार होतो, पण फिटर इथे लिहिणारच, म्हणून मीच लिहितो.

तेवढ्यात एक ट्रॉलर शेजारून गेला. त्याच्या लाटांनी खाली फिटरच्या चहाचा कप जेमतेम हलला. वर मी स्टूल सोडून छतावर पालथा, दोन्ही हातांनी कडा धरून. नांगरावर ही गत, तर चालत्या बोटीत काय होईल ते मी सांगत नाही.

तेव्हा छत रद्द. वायपर आणि गोड्या पाण्याचा फवारा सांगून आलोय. जाळ्यांच्या पट्ट्यात नाळेवर माणूस, पाळी पाळीने, ज्याला बोट लागते तो पहिला. पण मागच्या डेकवरचं चाक मी सोडलेलं नाही. जेलरोडचं धक्क्याचं म्हणणं खरं आहे, शनिवारी लावताना पुन्हा कठड्याला घासली. लिव्हरसकट, नीट, एकदाच करू. पावसाळ्यात बोट वर ओढलेली असते तेव्हा दोन महिने काम करायला मिळतील.

माहेर रेवदंडा

काच धुतल्यावर दहा. मग अकरावा बोया कुठला?

कॉलेजरोड

बदक असावं.

अंबडचा फिटर

मागच्या डेकचं माप आण, मग बोलू. होज किती लागेल ते मी काढतो, पैसे तू काढ. आणि ते स्टूल परत दे, बायको तीन दिवस शोधतेय.