आध्यात्मिक वाढीसाठी कोणती ख्रिस्ती पुस्तके वाचावीत?

प्रश्न
दररोज सकाळी बायबलचा एक अध्याय वाचून प्रार्थना करण्याचा माझा नेम आहे. परंतु अलीकडे नजर ओळींवरून नुसती फिरते आणि मनाला काही भिडत नाही. पवित्र शास्त्राच्या जोडीला वाचता येईल आणि प्रार्थनेला बळ देईल असे पुस्तक जाणकारांनी कृपया सुचवावे. ईश्वरविज्ञानाचा जड ग्रंथ सध्या नको आहे.

पहिले उत्तर
संत ऑगस्टीन यांचे 'कन्फेशन्स' घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. इसवी सन 397 ते 400 च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिलेले हे तेरा भागांचे पुस्तक आत्मचरित्र म्हणून ओळखले जाते. परंतु ते आरंभापासून शेवटपर्यंत देवाला उद्देशून लिहिलेले असल्यामुळे वाचणारा नकळत प्रार्थनेत ओढला जातो. दुसऱ्या भागातील नाशपातीच्या चोरीचा प्रसंग अवश्य सावकाश वाचावा. स्वतःजवळ याहून चांगली फळे असताना मित्रांसह रात्री झाड झोडपायचे आणि बहुतेक फळे डुकरांपुढे टाकायची, हे आपण का केले, याचा शोध ते इतक्या चिकाटीने घेतात की वाचकाला स्वतःचे अंतःकरण तपासल्यावाचून पुढे जाता येत नाही. शेवटचे तीन भाग काळ आणि विश्वाची निर्मिती यांविषयी आहेत. पहिल्या वाचनात ते बाजूला ठेवले तरी चालतील.

दुसरे उत्तर
ऑगस्टीन थोरच आहेत, पण आपली अडचण नित्याच्या प्रार्थनेतील कोरडेपणाची दिसते. त्यासाठी बंधू लॉरेन्स यांचे 'द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड' हे छोटेखानी पुस्तक मला अधिक उपयोगाचे वाटते. पॅरिसमध्ये कार्मेलाइट या कॅथलिक संन्यासी संघाच्या मठात ते स्वयंपाकघर सांभाळत, आणि त्या कामाची त्यांना मुळात नावड होती. 1691 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांची पत्रे आणि संभाषणे संकलित करण्यात आली. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत त्यांनी भेद ठेवला नाही. मन भरकटले, तर त्रागा न करता ते पुन्हा देवाकडे वळवावे, एवढाच त्यांचा उपदेश आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. थॉमस अ केम्पिस यांचे 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट' आताच घ्यावे का?

तिसरे उत्तर
घ्यावे, परंतु ते पंधराव्या शतकात मठवासीयांसाठी लिहिलेले आहे, हे ध्यानात ठेवून. माणसांपासून दूर राहण्याचा त्यातील उपदेश संसारी माणसाने जसाच्या तसा स्वीकारला, तर घरच्या जबाबदाऱ्याच अडथळा वाटू लागतात, आणि ते हिताचे नाही. म्हणून त्याच्या जोडीला जर्मन धर्मगुरू डीट्रिख बॉनहॉफर यांचे 1939 मध्ये प्रसिद्ध झालेले 'लाइफ टुगेदर' वाचावे. नाझी राजवटीने बंद पाडलेल्या धर्मशिक्षणकेंद्रातील सहजीवनाच्या अनुभवातून ते उतरले आहे. ज्याला एकटे राहता येत नाही त्याने समुदायापासून जपावे, आणि जो समुदायात नाही त्याने एकटेपणापासून जपावे, असे दोन्ही बाजूंचे भान त्यात आहे.

मात्र ही सारी पुस्तके एकदम सुरू करू नयेत. आधी लॉरेन्स वाचावेत; रोज एखादे पत्र किंवा संभाषण पुरे. शास्त्रवाचनाची वेळ त्यासाठी कमी करू नये. उलट अध्याय मोठा वाटत असल्यास दहाच वचने घ्यावीत आणि ती मोठ्याने, दोनदा वाचावीत.