कोल्हापुरातील शाहूकालीन संस्था विद्यार्थ्यांना कशा दाखवाव्यात?

प्रश्न – सहलप्रमुख
नववीच्या विद्यार्थ्यांची सहल दिवाळीनंतर कोल्हापूरला येत आहे. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि नवा राजवाडा ठरलेलेच आहे. परंतु राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानातील रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, हे मुलांनी केवळ पुस्तकात वाचले आहे. त्या कार्याच्या खुणा शहरात कोठे पाहता येतील? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

करवीरवासी
दसरा चौकापासून सुरुवात करावी. महाराजांचा पुतळा तेथे आहेच, पण मुलांचे लक्ष परिसरातील बोर्डिंगांकडे वेधावे. खेड्यातला होतकरू मुलगा शिक्षणासाठी शहरात आला, तरी त्याने राहायचे कोठे आणि त्याला पंगतीला घेणार कोण, हा त्या काळी खरा अडसर होता. म्हणून १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, अशी एकेका समाजासाठी सोय होत गेली आणि कोल्हापूरला ‘विद्यार्थी वसतिगृहांची जननी’ हे नाव मिळाले. राखीव जागांवर बसायला शिकलेली मुले हवीत, ती या बोर्डिंगांतूनच यायची होती. त्यामुळे १९०२ चा आदेश आणि ही वसतिगृहे वर्गात वेगवेगळी शिकवली जाऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे.

तांबडी माती
वरील मताशी पूर्ण सहमत आहे, मात्र खासबाग मैदान वगळू नये. १९०२ च्या युरोप दौऱ्यात महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिले आणि १९१२ मध्ये हे कुस्ती मैदान खुले झाले. मध्यभागी आखाडा आणि भोवताली चढती बैठक असल्यामुळे पार मागे बसलेल्या माणसालाही डावपेच स्पष्ट दिसतात. मुलांना अगदी वरच्या पायरीवर बसवून हे पाहायला सांगावे. शेजारीच १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत होरपळले, तेव्हा अवघे शहर हळहळले. ज्या राजाने कुस्ती आणि नाटक यांना शेजारी शेजारी घर बांधून दिले, त्याची दृष्टी मुलांना येथेच उमगेल.

वाचनप्रेमी
भवानी मंडपाकडे जाल तेव्हा जवळच्या करवीर नगर वाचन मंदिरातही डोकावावे. १८५० मध्ये स्थापन झालेले हे ग्रंथालय महाराजांच्या जन्माच्याही आधीचे आहे. आणखी एक दिवस हाताशी असल्यास भोगावती नदीवरील राधानगरी धरण पाहावे. त्याचे काम शाहू महाराजांनीच सुरू केले होते.