शब्दचर्चा : ‘यशस्वी सेवा’ म्हणावे का?

प्रश्न

आमच्या ख्रिस्ती मंडळीचे (चर्चचे) पाळक, म्हणजे धर्मगुरू, सेवानिवृत्त होत असून त्यांच्या मानपत्राचा मसुदा तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात ‘आपण यशस्वी सेवा केलीत आणि अनेक उपलब्धी मिळवल्यात’ असे वाक्य होते. एका ज्येष्ठ सभासदांनी ‘यशस्वी’ हा शब्द ख्रिस्ती सेवेला शोभत नाही, असे सांगून त्यावर काट मारली. शब्दच अयोग्य आहे, की आपण तो अयोग्य अर्थाने वापरतो? ‘कर्तृत्व’, ‘सिद्धी’, ‘सफल’, ‘कृतार्थ’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा?

पहिला प्रतिसाद

‘उपलब्धी’ आधी काढून टाकावी. ती हिंदीच्या वाटेने आलेली आहे आणि मराठी कानाला तिच्यात ‘उपलब्ध असणे’ एवढेच ऐकू येते. ‘सिद्धी’ला योगसाधनेचा आणि चमत्काराचा वास इतका चिकटलेला आहे की मानपत्रात ती भलतेच काही सुचवील.

‘यश’ मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही. संस्कृतात त्याचा मुख्य अर्थ कीर्ती असा आहे. आजच्या मराठीत हाती घेतलेले काम तडीस जाणे, हा अर्थ पुढे आला असला तरी जुन्या नावलौकिकाची छटा पुरती गेलेली नाही. त्या सभासदांना बहुधा हीच छटा खटकली असावी. पण काम तडीस जाण्याची कल्पना पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, परकी नाही. यहोशवा 1:8 मध्ये नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणाऱ्याला यशाचे अभिवचन आहे. तिथे दोन हिब्रू क्रियापदे येतात : एकाचा अर्थ तडीस जाणे, भरभराट होणे, दुसऱ्याचा अर्थ शहाणपणाने वागणे आणि त्या वागण्याचे फळ मिळणे. यांतले पहिले क्रियापद उत्पत्तीच्या 39 व्या अध्यायात योसेफासाठी वापरलेले आहे, आणि ते मिसरी अधिकारी पोटीफर याच्या घरी कारभार पाहणाऱ्या योसेफाइतकेच, अध्यायाच्या शेवटी, खोट्या आरोपावरून तुरुंगात पडलेल्या योसेफालाही लावलेले आहे. परमेश्वर त्याच्याबरोबर होता, एवढेच कारण दोन्ही ठिकाणी दिलेले आहे.

याहून विलक्षण जागा यशयाच्या ग्रंथात आहे. दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत 52:13 ला सुरू होते ते दुसऱ्या क्रियापदाने, आणि 53:10 मध्ये परमेश्वराचा मनोदय त्या सेवकाच्या हातून सफल होईल असे म्हणताना पहिले क्रियापद येते. मधल्या ओळींमध्ये तो तुच्छ मानलेला, घायाळ झालेला आणि जिवंतांच्या भूमीतून काढून टाकलेला आहे. मंडळीने हे गीत आरंभापासून ख्रिस्ताविषयी वाचले आहे. म्हणून ख्रिस्ती माणसाने ‘यश’ हा शब्द टाकू नये, पण वधस्तंभाला वगळून त्याचा अर्थही लावू नये, असे मला वाटते. योहानाच्या तिसऱ्या पत्रातील (3 योहान 2) भरभराटीची इच्छा हा पत्राच्या प्रारंभीचा नित्याचा आशीर्वाद आहे. त्यातून धनप्राप्तीचा सिद्धांत काढणे म्हणजे ‘आपली प्रकृती उत्तम असावी’ या ओळीतून वैद्यकशास्त्र काढण्यासारखे आहे.

शंका

हे सर्व मान्य आहे, परंतु यातून एक सोयीची पळवाट निघते. काम बिघडले, माणसे दुरावली, हिशेब जुळले नाहीत की ‘फळ देवाच्या हाती, आम्ही विश्वासू राहिलो’ असे म्हणून हात झटकता येतात. मग आळस आणि विश्वासूपणा यांतला फरक कशावरून ओळखायचा?

दुसरा प्रतिसाद

शंका रास्त आहे, आणि मत्तयाच्या 25 व्या अध्यायातील दाखल्यात तिचा विचार झालेला आहे. तिथे मालक परदेशी जाताना तीन दासांकडे तलांत, म्हणजे मोठाल्या रकमा, सोपवून जातो. तिसऱ्या दासाने मालकाचा एक पैसाही बुडवला नव्हता. जमिनीत पुरून ठेवलेला तलांत त्याने जसाच्या तसा परत केला, आणि तरी त्याला ‘दुष्ट व आळशी’ म्हटले गेले. तेव्हा सुरक्षित जपून ठेवणे याला तिथे विश्वासूपणा म्हटलेले नाही. उलट पाच तलांतांवर पाच मिळवणारा आणि दोनांवर दोन मिळवणारा, या दोघांना मिळालेली ‘शाबास, भल्या व विश्वासू दासा’ ही शाबासकी शब्दशः सारखीच आहे. मात्र लूकाच्या 19 व्या अध्यायातील दाखला इथे लपवू नये. तिथे भांडवल सर्वांना सारखे मिळते, मिळकत वेगवेगळी होते आणि दहा मोहरा मिळवणाऱ्याला दहा नगरांचा, पाच मिळवणाऱ्याला पाच नगरांचा अधिकार मिळतो. म्हणजे फलप्राप्ती अगदीच बिनमहत्त्वाची नाही. फक्त, बक्षीस म्हणून जे मिळते ती विश्रांती नसून अधिक मोठी जबाबदारी आहे, हे मला लक्षणीय वाटते.

आणि तरीही यिर्मया संदेष्ट्यासारखी माणसे उरतातच. 23 वर्षे आपण वारंवार सांगत आलो आणि लोकांनी ऐकले नाही, असे तो स्वतःच म्हणतो (25:3). पुढे त्याची गुंडाळी यहोयाकीम राजासमोर वाचली गेली, तेव्हा मजकुराचे तीन-चार स्तंभ वाचून झाले की राजा तेवढा भाग लेखकाच्या चाकूने कापून समोरच्या शेगडीत टाकत होता. सबंध गुंडाळी अशी जळाली. यिर्मयाने आपला लेखनिक बारूख याच्याकडून ती पुन्हा लिहवून घेतली आणि तीत भरही घातली. त्याला ‘यशस्वी’ म्हणताना जीभ अडखळते, पण आळशी तर कोणीच म्हणणार नाही. शंकेचे उत्तर मला त्या दुसऱ्या गुंडाळीत दिसते.

‘कर्तृत्व’ वापरायला हरकत नाही. प्रेषित पौल आपण सर्वांहून अधिक श्रम केले असे म्हणायला कचरत नाही, पण त्याच वाक्यात ते श्रम कृपेचे म्हणून सांगतो (1 करिंथ 15:10). ‘सफल’ मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात फळ आहे, आणि योहानाच्या 15 व्या अध्यायात फांदीला फळ येते ते वेलात राहिल्यामुळे.

मूळ प्रश्नकर्त्यास

‘कृतार्थ’ सुंदर आहे. ‘धाव संपवली आहे’ या पौलाच्या उद्गाराशी तो जुळतो. पण तो उद्गार पौलाने स्वतःविषयी, मरण समोर दिसत असताना काढला. दुसऱ्याने सेवानिवृत्तीच्या दिवशी तो बहाल करणे जरा घाईचे होईल, विशेषतः पौलानेच नेमलेल्या वेळेपूर्वी न्यायनिवाडा करू नका असे बजावले असताना (1 करिंथ 4:5). ‘यशस्वी’ हा शब्द नेमक्या कामांपुरता ठेवावा, उदाहरणार्थ ‘उपासनामंदिराच्या दुरुस्तीची योजना आपण यशस्वीपणे पार पाडलीत’. सबंध सेवेविषयी असे काहीसे लिहिता येईल : ‘आपण आजाऱ्यांच्या उशाशी बसलात, शोकात असलेल्यांच्या घरी गेलात, वचन सांगताना कोणाची भीड धरली नाहीत, या विश्वासू सेवेबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो.’ यातले जे त्यांच्याबाबत खरे नसेल ते मात्र गाळावे.